अर्थ मागणारी धवलारीण

हिरायनं एक राग पंधराएक वर्षं सांभाळला. लोक पोटची पोरं एवढ्या निगुतीनं सांभाळत नाहीत. दुसऱ्या कुणाचा असता तर शिवीगाळ होऊन, चार माणसं मध्ये पडून, दोन शिमग्यांत विरून गेला असता. हिरायनं तो विरू दिला नाही आणि भडकूही दिला नाही. माझं विचाराल तर तिनं बरोबर केलं. शेवटी काय झालं ते सांगणारच आहे, पण तरीही बरोबर केलं, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मध्येच कुणी मला शहाणपण शिकवायला येऊ नये.

हिराय आमच्या शिरवण्याची धवलारीण. आता ज्यांची लग्नं वाशीच्या हॉलात दोन तासांत उरकतात, त्यांना हे समजावून सांगावं लागतं. आमच्या आगरी लोकांत त्या काळी लग्न लावायची ती धवलारीण, म्हणजे बाईमाणूस. मांडवात तांदळाच्या पिठाचा चौक भरायची, नवरा-नवरीला पाटावर बसवायची आणि धवला म्हणायची. धवला म्हणजे लग्नाचं गाणं, पण नुसतं गाणं नव्हे. तो म्हटला की लग्न लागलं. नाही म्हटला तर हळद नुसती अंगाला फासली, एवढंच. ती एक ओळ म्हणायची, मागं बसलेल्या बायका तीच ओळ पुन्हा म्हणायच्या, आणि हे तासन्‌तास चालायचं.

मी ऐरोलीहून नवरी होऊन या गावात आले तेव्हा माझ्या हळदीला हिरायच होती. उंच, काटकुळी, कासोट्याचं लुगडं गुडघ्याच्या वर, दात मिशरीनं काळेभोर. मी पाटावर बसून मुळूमुळू रडत होते. तिनं धवला मध्येच थांबवला, माझी हनुवटी वर केली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रडू नको, बाय. तुजा नवरा काला हाय, पन मारकुटा नाय." आणि पुढची ओळ सुरू केली. मला हसू फुटलं. नवरी हसली म्हणून सासरच्या बायका वर्षभर मला बोलत होत्या.

तिचं सगळंच असं. खुर्चीवर कधी बसली नाही. कुणी काही सांगितलं की आधी "बरं" म्हणायची आणि मग स्वतःला हवं तेच करायची. कोंबड्यांशी माणसांसारखं बोलायची आणि माणसांशी कोंबड्यांसारखं. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, दोन खाचरं भाताची आणि हा धवला, एवढाच तिचा संसार. आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळं तिचं खोकणंसुद्धा मला पाठ होतं.

धवल्याचा एक नेम होता. तो मांडवाबाहेर म्हणायचा नाही. शेतात नाही, जात्यावर नाही, मनातल्या मनात गुणगुणायचासुद्धा नाही. मांडवाबाहेर म्हटला तर गावातलं कुणाचं तरी ठरलेलं लग्न मोडतं, असं सगळे मानायचे, आणि हिराय सगळ्यांपेक्षा जास्त मानायची. म्हणून शिकायचा तोही मांडवातच, धवलारणीच्या मागं बसून, तिच्यामागून म्हणत म्हणत. हिराय अशी आपल्या सासूच्या मागं बसून शिकली. माझा गळा बरा म्हणून तिनं मला आपल्या मागं बसवायला सुरुवात केली होती. थोडीच लग्नं झाली असतील तशी, आणि मग गजाभाऊच्या धाकट्या भावाचं लग्न आलं.

गजाभाऊ आमच्याच आळीतला. मुंबईला गोदीत कारकून, शनिवारी गावाला यायचा. पांढरी पॅन्ट, खिशाला पेन. गाव सुधारायचं त्याच्या फार मनात. शाळेवरचे पत्रे त्यानंच आणवले, ताडीचा अड्डा हटवला, हे मी नाकारत नाही. पण काही माणसांना दुसऱ्याला सुधारताना जो आनंद होतो ना, तो बघवत नाही.

त्या लग्नाला त्यानं पनवेलहून भट आणला आणि बॅटरीवर चालणारा कर्णा आणला. त्याच्या कचेरीतले दोन साहेबही आले होते. त्यांच्यासाठी शाळेतल्या खुर्च्या आणून मांडवात मांडल्या होत्या. आईचा हट्ट म्हणून धवलाही ठेवला होता. हिरायनं चौक भरला, बसली आणि सुरुवात केली. धवल्याच्या प्रत्येक कडव्याच्या शेवटी एक ओळ यायची, 'एरंगती मेरंगती गो'. ती आली की बायकांचा आवाज चढायचा. एका साहेबानं गजाभाऊला काहीतरी विचारलं. बहुतेक, ही बाई काय म्हणते, असंच असेल. गजाभाऊला सांगता येईना. त्याचे कान लाल झाले. आणि स्वतःची लाज झाकायला तो हिरायकडं वळला.

"थांब गो आय. ते एरंगती मेरंगती म्हंजे काय?"

"एरंगती मेरंगती म्हंजे एरंगती मेरंगती," हिराय म्हणाली.

"तसं नाय. अर्थ काय त्याचा?"

"सासूनं शिकवलं तसं बोलतंय. अर्थ मना नाय ठाव."

"म्हंजे तुला पन ठाव नाय," गजाभाऊ म्हणाला आणि साहेबांकडं बघून हसला. "ज्याला अर्थ नाय ते बोलायचं कशाला? एवढ्या लोकांचा वेल कशाला घ्यायचा?"

साहेब हसले. साहेब हसले म्हणून खुर्च्यांच्या आसपासचे हसले, आणि मग सगळा मांडव हसला. ज्यांची लग्नं हिरायनं लावली होती ते हसले. माझा नवराही हसला. त्या रात्री त्याला मी वाढलं नाही. हिराय शांतपणे उठली. मिळालेलं लुगडं आणि नारळ पाटावर परत ठेवला, पिठाचे हात झटकले आणि म्हणाली, "तुजी हलद तू लाव." ती मांडवाबाहेर गेली आणि मागं कर्ण्यावर बँडची तबकडी लागली.

मला वाटलं आता ती शिव्याशाप देईल, गाऱ्हाणं घालेल, निदान चार बायकांत रडेल. काही नाही. कोंबड्यांना दाणे टाकले, जेवली, झोपली. सकाळी मला म्हणाली, "त्यानं मना इचारलं ना, आता मी त्याला इचारतंय." मला तेव्हा काही समजलं नाही.

ते समजलं पुढच्या शनिवारी. गजाभाऊकडं नव्या जोडप्याची सत्यनारायणाची पूजा होती. कर्णा पुन्हा आला होता. कर्णेवाला फुंकर मारून म्हणत होता, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, हॅलो." हिराय दारात उभी राहिली. "गजा, हॅलो म्हंजे काय?"

गजाभाऊ म्हणाला, "तसं बोलतात, आय."

"अर्थ सांग."

"अर्थ असा काय नसतो त्याला."

"मंग बोलतोस कशाला? लोकांचा वेल कशाला घेतोस?" एवढं विचारून ती घरी निघून आली. आवाज चढवला नाही, हातवारे नाहीत, जसं कुणी पाण्याचा तांब्या मागावा तसं विचारलं आणि गेली. पण पूजेला बसलेल्या बायकांनी तोंडात पदर कोंबले होते.

त्यानंतर गजाभाऊची सुटका नव्हती. त्याच्या धाकट्या भावाला मुलगा झाला. बारशाला आत्यानं बाळाच्या कानात 'कुर्र' केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि दारातून आवाज आला, "गजा, कुर्र म्हंजे काय?" हिराय दारातच उभी होती. "पोराच्या कानात पयला शबुद घातला. इनअर्थाचा घातला?" गजाभाऊ म्हणाला, "रीत हाय ती, आय." हिराय म्हणाली, "आनि पालन्याला जो जो करता ते? जो म्हंजे काय?" बाळाच्या आत्यालाच एवढं हसू आलं की पाळणा हलवायचा राहिला आणि बाळ रडायला लागलं. हिराय म्हणाली, "बघ, त्याला बी समजंना," आणि गेली.

नंतर नंतर गाव वाट बघायला लागलं. गजाभाऊ कुठं काही करायला उभा राहिला की लोकांच्या माना आधी दाराकडं वळायच्या. त्यानं गळ्यात टाय बांधला, तर टायचा अर्थ. शाळेत फीत कापली, तर ती आधी बांधायची कशाला याचा अर्थ. आणि गजाभाऊचं वाईट हे की त्याला खोटं बोलता यायचं नाही. दुसरा कुणी असता तर काहीतरी ठोकून दिलं असतं. हा विचारात पडायचा, खरंच अर्थ शोधायचा, आणि तो सापडायचा नाही. त्याला पोरं मागून 'अर्थ आला, अर्थ आला' म्हणायला लागली. मी पोरांना कधी दटावलं नाही.

एकदा मात्र हसण्यावारी राहिलं नाही. आमची शेतं खाडीला लागून. मध्ये बांध, आणि बांधाला उघाडी, म्हणजे भरतीचं खारं पाणी आत येऊ न देणारी लाकडी झडप. एका वर्षी उघाडी कुजली. नवं लाकूड आणलं, ते भरतीच्या आत बसवायला हवं होतं. गावातले गडी दोर लावून ओढत होते, गजाभाऊ पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उभा राहून ओरडत होता, "हैय्या", आणि गडी म्हणत होते, "हो". लाकूड सरकत होतं. हिराय टोपली घेऊन बांधावरून चालली होती. थांबली.

"गजा, हैय्या म्हंजे काय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. एकाच्या हातून दोर सुटला, लाकूड चिखलात रुतलं. गजाभाऊचा तोल गेला, अंगानं नाही, डोक्यानं. पहिल्यांदाच तो तिच्यावर ओरडला, "आय, इथं गावाच्या पोटाचा प्रश्न हाय, आनि तुला अर्थ सुचतो?"

"अर्थ तुला सुचला, मना नाय," ती म्हणाली. "इनअर्थाचं बोलू नका. मुक्यानं वडा."

तिथंच त्यानं ऐकायला नको होतं. पण चिडलेला माणूस. "वडा मुक्यानं," त्यानं गड्यांना सांगितलं. त्यांनी मुक्यानं ओढलं. एक या क्षणाला ओढायचा, दुसरा त्या क्षणाला. लाकूड हललं नाही. शेवटी कुणालाच न विचारता गड्यांनी पुन्हा 'हैय्या' सुरू केलं, पण तोवर भरती आली होती. गजाभाऊच्या दोन खाचरांत खारं पाणी शिरलं. आमच्याही एका खाचरात शिरलं आणि त्या वर्षी तिथं दाणा पिकला नाही. माझा नवरा हिरायवर असा चिडला की तिच्याशी बोलेना. मी बोलत राहिले. ज्या मांडवात तो हसला होता तो मला अजून आठवत होता.

गजाभाऊ माणूस वाईट नव्हता, हे सगळे मला सांगायचे. नव्हता, मान्य. त्यानं समेट करायचाही प्रयत्न केला. एका दिवाळीला मुंबईहून हिरव्या काठाचं लुगडं आणलं आणि बायकोच्या हाती पाठवलं. हिरायनं "बरं" म्हणून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते तिच्या शेतातल्या बुजगावण्याला नेसवलेलं होतं, चांगलं निऱ्या काढून, पदर डोक्यावरून घेऊन. रस्त्यानं जाणारा येणारा थांबून बघायचा. गजाभाऊला मुंबईला जाता-येता तोच रस्ता होता.

त्याचा बाप गेला तेव्हा मात्र मला भीती वाटली. भट पिंडापुढं बसून मंत्र म्हणत होता. गजाभाऊ उघडाबंब, डोकं भादरलेलं, समोर बसला होता. हिराय येऊन कडेला उभी राहिली. सगळे तिच्याकडं बघायला लागले. मला वाटलं, आता विचारलं तर मी हिचं तोंड बघणार नाही. तिनं विचारलं नाही. नुसती उभी राहून गजाभाऊकडं बघत राहिली. गजाभाऊनं वर बघितलं, तिला बघितलं आणि मान खाली घातली. भटाचं संपेपर्यंत त्यानं मान वर केली नाही. घरी येताना हिराय म्हणाली, "मेलेल्या मानसाचं मी काय इचारनार नाय." पण तिच्या चालण्यात त्या दिवशी एक तोरा होता, तो मला दिसला.

या सगळ्यात धवल्याचं काय झालं ते सांगायला हवं, कारण खरी गोष्ट ती आहे. गजाभाऊच्या भावाच्या लग्नानंतर काही घरांनी भट बोलवायला सुरुवात केली, ते फॅशनच झालं. पण काही घरं हिरायकडं यायची, हातापाया पडायची. ती जायची नाही. म्हणायची, "तुमी बी हसला व्हता." कोण हसलं, कोण नाही हसलं, हे तिला तोंडपाठ होतं, पण जे हसले नव्हते त्यांच्याकडंही ती गेली नाही. "हसनाऱ्याला कुनी गप केला नाय," एवढंच. लोकांनी शेजारच्या गावांतून धवलारणी आणल्या, मग त्याही म्हाताऱ्या होऊन गेल्या.

मी तिला म्हटलं, "आय, मला तरी शिकव. तुझ्यामागं कोण आहे?"

"मांडवाभायेर बोलायचं नाय," ती म्हणाली.

"मग मांडवात चल. माझ्या नणंदेचं लग्न आहे, मी मागं बसते."

"तुज्या नवऱ्याच्या भैनीचं? त्यो हसला नवता का?" म्हणाली, आणि तो विषय कायमचा बंद केला. मी खूप रागावले तिच्यावर. पण तिचा राग माझ्या रागाहून मोठा होता, तिथं माझं काही चालणार नव्हतं. मांडवात ती जात नव्हती आणि मांडवाबाहेर धवला ओठांवर आणत नव्हती. वर्षांमागून वर्षं अशी गेली. तिकडं ठाण्या-बेलापूरच्या रस्त्याला कारखाने उभे राहिले, आमची पोरं भोंग्यावर कामाला जायला लागली, खाडीवर पूल होणार अशी बोलणी सुरू झाली.

आणि गजाभाऊच्या मुलीचं लग्न ठरलं. एकुलती एक पोर, गुणी, हिरायच्या कोंबड्यांमागं धावत मोठी झालेली. पोरीवर हिरायचा राग नव्हता, तिला ती गुळाचा खडा द्यायची. गजाभाऊची आई सोनाय तेव्हा अंथरुणाला खिळली होती, कानानं ठार बहिरी झाली होती. तिनं धरणं धरलं. नातीला धवला झाल्याशिवाय हळद लागायची नाही, नाहीतर मी जेवत नाही. सगळ्यांनी समजावलं. म्हातारीला ऐकूच येत नव्हतं, तर समजावणार काय. तिनं खरोखर जेवण सोडलं.

गजाभाऊ हिरायच्या ओट्यावर आला ती दुपार मी कधी विसरणार नाही. हिराय सुकट निवडत बसली होती. मी माझ्या ओट्यावर तांदूळ पाखडत होते, ते पाखडायचे थांबले.

"आय, पोरीचं लगीन हाय."

"बरं झालं."

"आमची आय बोलते, धवला पायजे."

हिराय सुकटीतून मान वर न करता म्हणाली, "अर्थ काय त्याचा?"

गजाभाऊ तयारीनं आला होता. म्हणाला, आपली परंपरा आहे, आपल्या समाजाची ओळख आहे, ती जपली पाहिजे. हिरायनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "ह्यो धवल्याचा अर्थ नाय. ह्यो तुज्या भाषनाचा अर्थ हाय. धवल्याचा सांग."

 तो ओट्याच्या पायरीवर खाली बसला, तिच्या पायापाशी, पांढरी पॅन्ट मळली तरी. "अर्थ नाय ठाव, आय. नसंल बी. पन त्याबिगर माजी आय जेवत नाय, आनि पोर बोलते मना बी पायजे. मी काय करू?"

हिरायचा हात सुकटीत थांबला. मला वाटलं, झालं. पंधरा वर्षांनी झालं. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "हेच मांडवात बोल. हसला मांडवात, बोलायचं बी मांडवात."

तो बोलला. त्याचं कौतुक करावं लागेल. भरल्या मांडवात माइकपुढं उभा राहून तो म्हणाला, "धवल्याला अर्थ नाही, असं मी एकदा याच आळीत बोललो होतो. त्याचा अर्थ मला अजून कळलेला नाही. तरी माझ्या मुलीच्या हळदीला तो पाहिजे आहे. हिरायची मी माफी मागतो."  हिराय खांबाला टेकून उभी होती. मी तिच्या शेजारी. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या, जे जे हसले होते त्यांची तोंडं मी एकेक करून बघून घेत होते, माझ्या नवऱ्याचंही. एवढं सुख मला माझ्या लग्नात झालं नव्हतं.

हिराय पुढं गेली. चौक भरला. बसली. मी तिच्या मागं बसले, आणि आळीतल्या जुन्या म्हाताऱ्या माझ्या शेजारी. सोनायला बाजेसकट उचलून आणून समोर ठेवलं होतं. हिरायनं तोंड उघडलं.

काहीच आलं नाही. तिनं घसा खाकरला. पुन्हा तोंड उघडलं. मला तिची पाठ दिसत होती, ती पाठ ताठ झाली. आणि मग तिनं सूर लावला, तोच जुना सूर, आणि म्हटलं, "सोनवडी भोनवडी, तारंग्याचा मारंगा."

ही ओळ धवल्यात नव्हती. मी थोडीच लग्नं मागं बसले असेन, पण एवढं मला समजत होतं. म्हाताऱ्यांना तर समजतच होतं. त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. हिराय थांबली, बायकांनी ओळ उचलायची वाट बघत. आणि मग माझ्या शेजारच्या म्हातारीनं डोळे मिटले आणि ओळ उचलली, "सोनवडी भोनवडी, तारंग्याचा मारंगा." मग दुसरीनं. मग सगळ्यांनी, मीही. हिराय तोंडाला येईल ते म्हणत गेली, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही, आणि आम्ही पापणी न लववता ते तिच्यामागून म्हणत गेलो. मध्ये मध्ये 'एरंगती मेरंगती गो' यायची, ती तेवढी खरी. तासभर हे चाललं. नवरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बहिरी सोनाय हिरायच्या ओठांकडं बघून मान डोलवत होती आणि संध्याकाळी ती पोटभर जेवली.

संपल्यावर गजाभाऊ येऊन हिरायच्या पाया पडला. रडत होता. म्हणाला, "आय, आज मना सगला अर्थ समजला."

हिराय "बरं" म्हणाली.

 घरी येऊन ती ओट्यावर बसली आणि तिचा बांध फुटला. मी तिला रडताना पहिल्यांदाच बघितलं, ते बघणं सोपं नव्हतं. "गेला गो सगला," म्हणाली. "पोरीसाठी खराच बोलायचा व्हता. तोंड उघाडलं तर काय नाय. पयलं कडवं नाय, दुसरं नाय. ज्याला अर्थ व्हता ते समदं गेलं. एरंगती मेरंगती तेवढी ऱ्हायली." मी तिला जवळ घेतलं.  एवढी वर्षं ज्याच्यासाठी ती भांडली, ते भांडता भांडता हातातून गळून गेलं होतं आणि तिला कळलंही नव्हतं.

मला गजाभाऊचा संताप आला. मी उठले. म्हटलं, "आत्ताच्या आत्ता जाऊन सांगते त्याला, काय अर्थ समजला ते."

तिनं माझं मनगट पकडलं. डोळे पुसले. "आता नको," म्हणाली. "चार गावांत सांगू दे त्याला. मंग सांग." त्या रडण्यातही तिचा चेहरा एकदम तरतरीत झाला होता. तसा चेहरा तिचा मी पुन्हा बघितला नाही. पुढच्या पावसाळ्यात ती तापानं गेली.

गजाभाऊनं तिच्या दिवसांचं जेवण घातलं, सगळ्या गावाला. मांडव घातला होता. पंगती बसल्या आणि तो बोलायला उभा राहिला. हिरायनं आपल्या समाजाचं केवढं धन जपलं, हे सांगायला लागला. धवल्याचा अर्थ सांगायला लागला. पहिल्या कडव्यात मुलीचं माहेर आहे, दुसऱ्यात सासर, आणि शेवटच्या कडव्यात बापाचं काळीज. मग डोळे मिटून त्यानं म्हणून दाखवलं, "सोनवडी भोनवडी, तारंग्याचा मारंगा." एक अक्षर इकडचं तिकडं नाही. त्या दिवशी खिशातल्या पेनानं उतरवून घेऊन सगळं पाठ केलं होतं त्यानं.

मी भात वाढत होते. भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि म्हटलं, "गजाभाऊ, त्या दिवशी हिरायला धवला आठवला नव्हता. ती तोंडाला येईल ते बोलली. त्यात माहेर नाही, सासर नाही आणि बापाचं काळीजही नाही."

 हळदीला माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यांकडं मी बघितलं, त्यांनी बोलावं म्हणून. त्या माना खाली घालून जेवत राहिल्या. गजाभाऊ माझ्याकडं बघून हसला, वाईट नाही, चांगलं हसला, शाळेत पोराचं गणित चुकलं की मास्तर हसतो तसं. म्हणाला, "वैनी, तुमाला त्याचा अर्थ समजला नाय."

त्याचं बोलणं ऐकून पंगतीत कुणीतरी हसलं. मग शेजारचा हसला. मग सगळा मांडव हसला, आणि माझा नवराही हसला. मी पातेलं उचललं आणि पुढच्या पानावर भात वाढला. हिरायचा राग त्या दिवसापासून माझ्याकडं आहे.